कोल्हापूर ते पुणे : एका दिवसाच्या दौऱ्याची आखणी

विभागीय आयुक्तांचे कार्यालय पुण्यास, शिक्षण संचालनालय पुण्यास, पाठ्यपुस्तक मंडळ पुण्यास आणि यशदाचे प्रशिक्षणवर्गही पुण्यासच. साहजिकच कोल्हापूर जिल्ह्यातील अधिकारी, मुख्याध्यापक व पंचायत समित्यांचे सदस्य यांना वर्षातून अनेकदा पुण्याची वाट धरावी लागते. पूर्वी या कामासाठी आदल्या दिवशी निघण्याची आणि रात्री मुक्काम करण्याची पद्धत होती. रस्ता चौपदरी झाल्यापासून ‘सकाळी जाऊन रात्री परत’ हा जणू नियमच झाला आहे. दौऱ्याच्या कार्यक्रमात तो एका ओळीत मावतो. ही एक ओळ प्रत्यक्षात किती तासांची असते आणि ते तास कोणाच्या वाट्यास येतात, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

हा मार्ग म्हणजे दिल्लीहून चेन्नईस जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८. सन २०१० मध्ये महामार्गांचे नवे क्रमांक लागू होण्यापूर्वी तो क्रमांक ४ म्हणून ओळखला जात असे आणि जुनी मंडळी आजही त्यास ‘पुणे-बंगळूर रस्ता’ असेच म्हणतात. कोल्हापूर ते कराड सुमारे ७५ किलोमीटर, कराड ते सातारा सुमारे ५० आणि तेथून पुणे सुमारे ११० किलोमीटर, असे एकूण अंतर २३५ किलोमीटरच्या आसपास भरते.

अंतर आणि वेळ

दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीसाठी ताशी १०० किलोमीटर ही कमाल वेगमर्यादा केंद्र शासनाने २०१८ च्या अधिसूचनेने ठरविली. मालवाहू वाहनांसाठी ती ८० आहे. घाटात, वस्तीजवळ आणि जेथे फलक लावलेला असेल तेथे मर्यादा याहून कमी असते. १०० हा आकडा वाचून अनेकजण २३५ किलोमीटरला अडीच तास असा भागाकार करतात आणि तेथेच आखणी फसते. दोन्ही शहरांतील गर्दी, पथकर नाके, घाट, रस्त्याच्या रुंदीकरणामुळे घ्यावे लागणारे वळसे आणि डावी-उजवी न पाहता चालणारे मालट्रक यांचा विचार केल्यास ताशी सरासरी ५० ते ५५ किलोमीटर पडली तरी समाधान मानावे. म्हणजे चक्रावरचे साडेचार तास आणि वाटेत अर्ध्या तासाची विश्रांती मिळून एका फेरीस पाच तास धरणे हेच व्यवहार्य होय. चंदगड, आजरा अशा दूरच्या तालुक्यांतून निघणाऱ्यांस कोल्हापूर गाठण्यासच दोन-अडीच तास लागतात. त्यांनी एका दिवसात पुणे करून परतण्याचा विचार मनातही आणू नये, असे स्पष्टच म्हटले पाहिजे.

उशीर वेगाने भरून काढता येतो, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. या मार्गावर खरोखर मोकळा असा भाग फार तर दीडशे किलोमीटरचा धरू. तो ताशी ८० च्या वेगाने कापण्यास ११२ मिनिटे लागतात आणि ताशी १०० च्या वेगाने ९०. बचत बावीस मिनिटांची. एवढी मिनिटे सभागृहात चहा फिरेपर्यंत निघून जातात. उलट वेग ८० वरून १०० वर गेला की वाहनातील गतिज ऊर्जा दीडपटीहून अधिक होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढ्याच पटीने ब्रेक लावल्यापासून वाहन थांबेपर्यंतचे अंतरही वाढते. ८० च्या वेगात वाहन एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. चालकाचा डोळा दोन सेकंद लागला तर ४४ मीटर रस्ता कोणीही न पाहता कापला जातो.

चालकाचा दिवस

सभा अकरा वाजता असेल तर साडेदहापर्यंत पुण्यात पोहोचण्यासाठी कोल्हापुरातून पहाटे साडेपाचला निघावे लागते. साहेब साडेपाचला वाहनात बसतात. चालक मात्र त्याआधी वाहन ताब्यात घेऊन, टायरमधील हवा व पाणी पाहून साहेबांच्या दारी आलेला असतो. म्हणजे त्याचा दिवस चार-साडेचारला सुरू झालेला असतो. सभा दीड वाजता आटोपली, सव्वादोनला परतीची वाट धरली आणि वाटेत काही अडले नाही, तर सायंकाळी सव्वासातला कोल्हापूर येते. हा झाला सर्वांत अनुकूल दिवस. यात निघण्यापासून पोहोचण्यापर्यंत पावणेचौदा तास होतात आणि त्यांपैकी नऊ तास चालकाचे हात चक्रावर असतात.

आता सभा पाचपर्यंत लांबली असे धरा. साडेपाचला पुण्यातून निघायचे म्हणजे कार्यालये सुटण्याच्या गर्दीत सापडणे आले. शहराबाहेर पडेपर्यंतच पाऊण-एक तास जातो. कोल्हापूर येईपर्यंत रात्रीचे अकरा वाजतात. पहाटे साडेचारला उठलेला माणूस तोपर्यंत अठरा-साडेअठरा तास जागा असतो आणि शेवटचे पाच तास त्याने अंधारात वाहन चालविलेले असते.

या हिशेबास एक कायदेशीर माप उपलब्ध आहे. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ याने प्रवासी व मालवाहतूक व्यवसायातील चालकांसाठी दिवसाला आठ तासांचे काम, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि कामाचा एकूण पसारा बारा तासांच्या आत, असे दंडक घालून दिले होते. पुढे हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाला. कार्यालयाच्या जीपला ही बंधने कितपत लागू होतात, हा प्रश्न बाजूस ठेवू. परंतु मालट्रकच्या चालकासाठी संसदेने जी मर्यादा आवश्यक मानली, ती सरकारी वाहनाच्या चालकाच्या शरीराला लागू पडत नाही, असे कोण म्हणेल? या मापाने पाहता वर सांगितलेला सर्वांत अनुकूल दिवसही कसोटीस उतरत नाही. कोल्हापूर-पुणे-कोल्हापूर हा एका चालकाच्या एका दिवसाचा प्रवास नव्हे. तो करावाच लागला तर सभा दुपारी दीडच्या आत संपली पाहिजे आणि सभेच्या वेळात चालकास खरी झोप मिळाली पाहिजे. यांपैकी एकही गोष्ट शक्य नसेल, तर मुक्काम करावा.

झोपेबाबत थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. मानवी शरीरात दिवसातून दोनदा झोपेची ओढ वाढते. एकदा मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत आणि दुसऱ्यांदा दुपारी दोन ते चारच्या सुमारास. एकदिवसीय दौऱ्यातील जाण्याची वेळ पहिल्या कालखंडाला चाटून जाते, तर परतीचा आरंभ नेमका दुसऱ्यात, तोही जेवणानंतर होतो. चहा, तंबाखू, खिडकीची काच खाली करणे किंवा मोठ्याने गाणी लावणे हे उपाय फार काळ टिकत नाहीत. डुलकी येऊ लागली की सुरक्षित जागी थांबून वीस मिनिटे झोपणे हाच उपाय. बहुतेक कार्यालयांच्या आवारात चालकांना पाठ टेकण्यास जागा नसते. उन्हात तापलेल्या वाहनातच आसन मागे करून त्यांना पडावे लागते. सभागृहांच्या नूतनीकरणावर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत पंखा असलेली एक खोली आणि चार सतरंज्या हा खर्च नगण्यच आहे.

स्वतःच्या मोटारीने जाणाऱ्या शिक्षकांची गोष्ट याहून कठीण असते. तेथे चालक आणि सभासद एकच असतो आणि सभेत त्यास झोपता येत नाही (निदान येऊ नये). अशांनी परवानाधारक दुसरा सोबती घ्यावा व दर दोन तासांनी चक्र बदलावे.

वाटेवरील काही जागा

कोल्हापूर सोडताच शिरोलीजवळ पंचगंगा लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत येथे महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद ठेवावी लागली होती. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पावसाळ्यात निघण्यापूर्वी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाकडून ही पातळी विचारून घ्यावी. सकाळी ती इशाऱ्याच्या आसपास असून चढती असेल, तर जाणे जमले तरी संध्याकाळी घरी येता येईल याचा भरवसा नसतो.

पुढे किणी, तासवडे, आनेवाडी व खेड शिवापूर असे चार पथकर नाके आहेत. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. नियमानुसार चोवीस तासांच्या आत परतल्यास दोन्ही फेऱ्यांचे मिळून दीडपट शुल्क लागते. या सवलतीच्या ओढीने मुक्काम टाळणारे लोकही आढळतात! 

साताऱ्याच्या पुढे भुईंज येथे कृष्णा ओलांडल्यावर सुरूर फाटा लागतो. वाई, पाचगणी, महाबळेश्वरकडे जाणारी व तेथून येणारी गर्दी येथे मिळते. शुक्रवारची संध्याकाळ व रविवारची दुपार दौऱ्यासाठी टाळावी, ती यासाठीच. त्यानंतर खंबाटकी. साताऱ्याकडून पुण्यास जाणारी वाहने बोगद्यातून आणि पुण्याकडून येणारी जुन्या घाटाने, अशी एकेरी व्यवस्था येथे अनेक वर्षे राहिली. बोगद्यातून बाहेर पडताच उतारावर इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळण लागे आणि तेथे अनेक जीवघेणे अपघात घडले. नव्या जोड बोगद्यांचे काम हाती घेण्यामागे हेही एक कारण होते.

पुण्यात शिरताना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार हा या मार्गावरील सर्वांत फसवा भाग. २० नोव्हेंबर २०२२ रोजी येथे एका अवजड वाहनाने पुढील अनेक वाहनांना धडक दिली होती. डिझेल वाचविण्यासाठी काही चालक उतारावर गिअर काढून वाहन सोडतात. वाहन गिअरमध्ये असताना इंजिन त्यास मागे ओढून धरते. गिअर काढला की सगळा भार ब्रेकवर पडतो, ब्रेक तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड कमी होत जाते. मोटारीतील प्रवाशाने येथे दोन गोष्टी पाळाव्यात. स्वतः खालच्या गिअरमध्ये उतरावे आणि कडेला वाहन उभे करू नये. ‘पुण्यात आलो’ असा दूरध्वनी करण्यास ही जागा नव्हे.

उसाचा हंगाम

परतीच्या प्रवासात खरी परीक्षा असते ती कराड ते कोल्हापूर या शेवटच्या टप्प्याची. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सव्वासातच्या आगेमागे. जून महिन्यात सव्वादोनला निघालेला मनुष्य उजेडात घरी येतो. डिसेंबरात त्याच वेळी निघालेल्यास कराडच्या आसपास अंधार गाठतो. आणि हाच उसाचा हंगाम. कराड, वाळवा, हातकणंगले या पट्ट्यात संध्याकाळी ऊस भरलेल्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याच्या दिशेने निघतात. भारापलीकडे लोंबणाऱ्या उसाने मागचा दिवा झाकला जातो, कित्येकदा तो नसतोच. समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपले की ताशी पाच किलोमीटरने चाललेली गाडी वीस-पंचवीस मीटरवर येईपर्यंत दिसत नाही. ताशी ८० च्या वेगात हे अंतर एका सेकंदाचे आहे. या टप्प्यात अंधार पडल्यावर ६० च्या वर जाऊ नये.

येथे ग्रामपंचायतींना करण्यासारखे काम आहे. गाळप सुरू होताना कारखाने व परिवहन विभाग गाड्यांना परावर्तक पट्ट्या लावण्याची मोहीम घेतात. परंतु टोळ्या गावोगाव उतरतात आणि पट्ट्या मळतात, निखळतात. महामार्गालगतच्या ग्रामपंचायतीने हंगामात दोन-तीनदा गावातील तळावर जाऊन पट्ट्या पाहिल्या व बदलल्या, तर त्याचा लाभ गाडीवानास आणि त्याच्या बैलांनाही होईल.

वाटेत अपघात झालाच तर राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि सर्व आपत्कालीन सेवांसाठी ११२. दूरध्वनी करताना रस्त्याकडेच्या किलोमीटर दगडावरील आकडा आणि आपण कोणत्या दिशेच्या मार्गिकेवर आहोत हे सांगावे. दुभाजकामुळे चुकीच्या बाजूस आलेल्या रुग्णवाहिकेची बरीच मिनिटे वाया जातात. जखमीस मदत करणाऱ्यावर केवळ मदत केल्यामुळे दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे संरक्षण मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ याने कलम १३४-अ अन्वये दिले आहे. शाळांतून व ग्रामसभांतून हे आवर्जून सांगावे, कारण पोलिसांच्या फेऱ्यांच्या धास्तीने लोक आजही दुरून पाहत उभे राहतात. आसनपट्टा मागील आसनावरील प्रवाशांनाही बंधनकारक आहे, याचा विसर मागे बसणाऱ्या वरिष्ठांनाच अधिक पडतो.

सभेची सूचना

दौऱ्याची आखणी नेहमी निघण्याच्या वेळेपासून केली जाते. ती परतण्याच्या वेळेपासून उलट करीत यावे. घरी केव्हा पोहोचले पाहिजे, त्यासाठी पुणे केव्हा सोडले पाहिजे आणि त्यासाठी सभा केव्हा संपली पाहिजे, असा हा क्रम. अडचण अशी की, सभेच्या सूचनेत आरंभाची वेळ असते, समाप्तीची नसते. बोलावणाऱ्या कार्यालयाने सूचनेत ‘सभा दुपारी १.३० वाजता संपेल’ एवढे एक वाक्य घातले आणि लांबून आलेल्या जिल्ह्यांचे विषय आधी घेतले, तर कोल्हापूरकरांना दौऱ्याचा निर्णय आदल्या दिवशीच करता येईल. सभा दिवसभराची असल्याचे सूचनेवरून कळले, तर आदल्या दिवशी एस.टी.ने किंवा रेल्वेने निघून पुण्यात मुक्काम करावा. कोयना एक्स्प्रेस जुनीच आहे आणि सप्टेंबर २०२४ पासून कोल्हापूर-पुणे वंदे भारतही आठवड्यातील ठराविक दिवशी धावू लागली. विश्रामगृहाचे आरक्षण सूचना हाती पडताच मागावे. आणि वाहन नेलेच असेल, तर मुक्कामाच्या अर्जात चालकाच्या निवासाचा उल्लेख विसरू नये.