सोंग नव्हे, छटा

उन्हाळी सुट्टी लागण्याआधीच इतवारी, गांधीबाग, वर्धमाननगर या भागांतील घरांत सहलीची बोलणी सुरू होतात. पूर्वी निवड चिखलदरा की पचमढी एवढ्यापुरती असे. आता मुलांच्या तोंडी खोपोलीजवळचे इमॅजिका असते, सिंगापूरचे युनिव्हर्सल स्टुडिओज असते, हाँगकाँगचे डिस्नेलँड असते. तिकिटांचा आणि मुक्कामाचा हिशेब वडीलधारी मंडळी शांतपणे मांडतात. खडाजंगी होते ती कपड्यांवरून. सात वर्षांच्या नातवाला छोटा भीम होऊन जायचे असते. पंधरा वर्षांच्या नातीला पायघोळ पिवळा झगा घालून राजकन्या व्हायचे असते. आईला हा खर्च व्यर्थ वाटतो, आणि आजी एवढेच विचारते, की एवढ्या उन्हात हे कशाला?

नातवाचे निभावते. नातीचे मात्र अडू शकते, आणि तेही आईच्या नकारामुळे नव्हे. अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांत 14 वर्षे व त्यापुढील वयाच्या पाहुण्यांना, काही खास कार्यक्रमांचा अपवाद सोडल्यास, पात्राचा पूर्ण वेष घालून प्रवेश मिळत नाही. कारण सरळ आहे. मोठ्या माणसाने हुबेहूब वेष केला, तर लहान मुले त्यालाच उद्यानातील खरे पात्र समजून त्याच्याकडे धाव घेतील. अन्य देशांतील उद्यानांचे नियम ज्याचे त्याचे वेगळे असतात आणि ते तिकीट काढतानाच वाचलेले बरे. पण नियम कोणताही असो, वेष करण्याची हौस चौदाव्या वाढदिवशी संपत नाही, ही खरी अडचण आहे.

या अडचणीतून एक पद्धत रूढ झाली. 2011 च्या सुमारास लेस्ली के या कॅनडातील तरुणीने नेहमीच्याच कपड्यांतून डिस्नेची पात्रे सुचवण्यास आरंभ केला, आणि पाहता पाहता जगभरच्या हौशी मंडळींनी ते उचलले. या पद्धतीला ‘डिस्नेबाउंडिंग’ म्हणतात. शब्द अवघड आहे, कल्पना सोपी आहे. स्नो व्हाइटचा झगा शिवायचा नाही. निळा कुर्ता, पिवळी सलवार आणि केसांत लाल रिबीन एवढेच करायचे. ज्याला ओळखायचे तो ओळखतो. ज्याला कळत नाही, त्याला समोर एक नीटनेटकी मुलगी दिसते. आपल्या साहित्यशास्त्रात अभिधा आणि व्यंजना असा भेद सांगितला आहे. पूर्ण वेष ही अभिधा, आणि ही रंगांची सूचना ही व्यंजना, असे म्हटले तर जाणकारांनी हरकत घेऊ नये.

नागपूरकरांना पूर्ण वेषाची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लाकडी बैलांना सजवून मुले निघतात, कोणी शिवाजी महाराज होतो, कोणी झाशीची राणी, कोणी शेतकरी, आणि घरोघरी बोजारा मिळतो. श्वेतांबर घरांत बहुधा त्याच दिवशी पर्युषणातील जन्मवाचन असते. पंचकल्याणक महोत्सवात तर इंद्र-इंद्राणीचे मुकुट मोठ्या माणसांच्याही मस्तकी चढतात. म्हणजे वेष धारण करण्यास आपल्याकडे कोणाचा विरोध नाही. मात्र त्याला तिथी असते, प्रसंग असतो आणि तास-दोन तासांत तो उतरवला जातो. उद्यानात सकाळी दहापासून दिवे लागेपर्यंत उन्हात चालायचे, रांगेत उभे राहायचे, पाळण्यात बसायचे आणि मधेच जेवायचेही असते. नायलॉनचा भाड्याचा झगा दुपारी बारालाच नकोसा होतो आणि मग तो पिशवीत कोंबून आईच्या खांद्यावर येतो. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो. खोपोलीकडे तेवढे तापत नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही. दोन्हीकडे सुती कापडच खरे.

कापडाच्या पेढीवर वाढलेल्या माणसाला ही कला शिकवावी लागत नाही. गांधीबागेतील जाणता विक्रेता गिऱ्हाइकापुढे साडी उलगडताना जे पाहतो, तेच येथे पाहायचे : कोणता रंग अंगाचा, कोणता काठाचा, कोणता नुसत्या बुट्टीचा. मिकी माउसचे अंग काळे, चड्डी लाल, बूट पिवळे. हे प्रमाण सांभाळून काळा टी-शर्ट, लाल पँट आणि पिवळे कापडी बूट घातले की काम झाले. पिवळा सदरा, लाल पँट आणि काळे बूट घातल्यास रंग तेच राहतात, पण मिकी नाहीसा होतो. मिनीसाठी पांढऱ्या ठिपक्यांचे लाल कापड पुरते. टॉय स्टोरीतील वुडी म्हणजे पिवळा चौकड्यांचा सदरा, जीन्स आणि गळ्यात लाल रुमाल. डोनाल्डसाठी निळा सदरा, पांढरी पँट आणि कोठेतरी लाल रंगाचा एक ठिपका. खूण एकच असावी, फार तर दोन. तिसरी आली की सोंग सुरू होते.

या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ ज्यांना होतो, त्यांचा विचार सहसा कोणी करत नाही. एकत्र कुटुंबाच्या सहलीत मुले खेळतात, पुरुष तिकिटे काढतात, आणि सून व सासू बहुतेक वेळ पिशव्या सांभाळत बाकावर बसतात. छायाचित्र काढण्याची वेळ आली की मोबाइलही सुनेच्याच हाती असतो. तिला झगा घालता येणार नाही, घालावासाही वाटणार नाही. पण हळदी रंगाची सुती साडी आणि अंबाड्यात लाल गुलाब, एवढ्याने ती ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ मधील बेल होते. 1991 च्या त्या चित्रपटातील पिवळा पोशाख आणि गुलाब घरातील प्रत्येक मुलीला ठाऊक असतात. आजीला पिवळी साडी आणि त्यावर लाल ब्लाउज दिला, तर विनी द पूह हे अस्वल साकारते. अर्थात ते कोणाचे रंग आहेत हे तिला आधी सांगावे. न सांगता केलेली गंमत ही तिची उरत नाही. आजोबांनी नकार दिला, तर आग्रह धरू नये. पण पांढरा सदरा आणि जाकीट घालून त्यांनी हातात काठी घेतली, तर प्राण यांचे चाचा चौधरी आपोआप अवतरतात, फक्त लाल पगडी तेवढी कमी पडते.

परदेशी पात्रांचेच बंधन का असावे, हाही प्रश्न रास्त आहे. इमॅजिका 2013 मध्ये सुरू झाले, आणि तेथे ‘मिस्टर इंडिया’ या 1987 च्या चित्रपटावर आधारलेला खेळ आहे. साधा सदरा, सैल कोट आणि हॅट, यांत वडिलांचे काम भागते. कोट उन्हात नकोसा झाला तर हॅट एकटीही पुरते. छोट्या भीमासाठी केशरी पायजमा पुरेसा आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे व्हायचे, तर सडपातळ बांधा आणि चौकस नजर लागते. ती दुकानात मिळत नाही.

अहिंसा पाळणाऱ्या घरांत काही गोष्टी वेगळ्या बघाव्या लागतात. वुडीचा पट्टा आणि बूट चामड्याचे दाखवले जातात. त्या जागी कॅनव्हासचा पट्टा आणि कापडी बूट शोभतात, वजनालाही हलके पडतात. राजकन्येसाठी रेशीम नको, मलमल किंवा सुती साटीन चालते. ‘101 डाल्मेशियन्स’ या 1961 च्या चित्रपटातील क्रुएला पिल्लांच्या कातड्याचे कोट करू पाहते आणि फजीत होते. तिचा काळा-पांढरा पोशाख मुलींना फार भावतो. मुलीने निवड केलीच, तर त्याच चित्रपटातील पिल्लू तिला सुचवावे : पांढऱ्या कापडावर काळे ठिपके आणि गळ्यात लाल पट्टी.

सुरक्षेबाबत मात्र तडजोड नको. ओढणी, लोंबता पदर, लांब मोकळे केस आणि गळ्यातील साखळी यांना फिरत्या यंत्राजवळ जागा नाही. गो-कार्टच्या चाकात किंवा आसात ओढणी अडकली की ती क्षणात गळा आवळते. म्हणून पात्राची खूण ओढणीत ठेवू नये. ती सदऱ्याच्या रंगात किंवा वेणीच्या रिबिनीत असावी. साडी नेसणाऱ्यांनी पदर खोचून घ्यावा आणि वेगवान खेळांपासून दूर राहावे. टाचणीचे बिल्ले, सैल टोप्या आणि चष्मे खेळात बसण्यापूर्वी पिशवीत जावेत. पाण्याच्या खेळांसाठी बहुतेक ठिकाणी नायलॉनचेच कपडे लागतात, त्यामुळे तो भाग या हौशीतून वगळावा.

व्यापारी घरांसाठी आणखी एक मुद्दा. मिकीचे किंवा भीमाचे चित्र छापलेले कपडे परवान्याशिवाय विकणे हा स्वामित्व हक्काचा भंग आहे, आणि बाजारात असा माल स्वस्त मिळतो म्हणून तो कायदेशीर ठरत नाही. साधा लाल, काळा आणि पिवळा कपडा मांडणीत शेजारी-शेजारी ठेवण्यास मात्र कोणाचा परवाना लागत नाही. सुट्टीच्या तोंडावर एखाद्या दुकानदाराने असे तीन-तीन रंगांचे संच लावून पाहावेत.

निघण्याच्या आदल्या रात्री सर्वांचे कपडे पलंगावर ओळीने मांडावेत आणि खोलीच्या दारातून पाहावेत. जे पात्र तेथून ओळखू येत नाही, त्याची एक वस्तू बदलावी. जे घरातील नोकरालाही ओळखू येते, त्याची एक वस्तू काढावी. त्यानंतर बॅगा भरायच्या. जून 2025 पासून समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर सलग खुला झाल्यामुळे पुष्कळ कुटुंबे आता मुंबईकडे गाडीनेच निघतात, आणि गाडीत जागा नेहमीच कमी पडते. पण या कपड्यांना वेगळी पेटी लागत नाही. परतल्यावर तेच धुऊन पुन्हा कपाटात जातात, आणि पुढच्या सोमवारी वडील तोच काळा टी-शर्ट आणि तेच पिवळे बूट घालून दुकान उघडतात. गिऱ्हाईक भाव विचारते. बुटांकडे त्याचे लक्षही जात नाही.