आठ जण, एक रात्र

टोकियोतली योयोगीची व्यायामशाळा केन्झो तांगे यांनी १९६४च्या ऑलिंपिकसाठी उभी केली, ती पोहण्याच्या शर्यतींसाठी. तिचं छप्पर दोन उंच खांबांवरून लोखंडी दोरांनी टांगलेलं आहे. ३० एप्रिल १९९३ रोजी त्या छपराखाली तलावाऐवजी रिंगण होतं, आणि आठ धिप्पाड माणसं एकाच रात्रीत एकमेकांना बाद करायला जमली होती. बक्षीस एक लाख डॉलर. स्पर्धेचं नाव के-वन ग्रां प्री. ‘के’ म्हणजे कराटे, किकबॉक्सिंग, कुंग फू, केम्पो, जे काही ‘क’ने सुरू होतं ते सगळं, आणि ‘वन’ म्हणजे त्यातला पहिला.

आपल्याकडे तेव्हा किकबॉक्सिंग म्हटलं की अक्षयकुमार आठवायचा, आणि गोष्ट तिथेच संपायची. मुळात हा शब्द जपानी आहे. साठच्या दशकात ओसामु नोगुची या मुष्टियुद्धाच्या आयोजकाने तो चलनात आणला. थायलंडचं मुय थाय आणि जपानचं कराटे समोरासमोर आणलं तर काय होईल, या कुतूहलातून हा खेळ जन्मला. १९६४मध्ये क्योकुशिन कराटेचे तीन गडी बँकॉकला जाऊन थाई लढवय्यांशी भिडले होते. दोन जिंकले, केन्जी कुरोसाकी हरले. हरलेल्या माणसाने पुढे काय केलं, ते जिंकलेल्यांपेक्षा महत्त्वाचं ठरलं. कुरोसाकींनी टोकियोत मेजिरो नावाची तालीम काढली. यान प्लास हा डच तरुण तिथे शिकला आणि १९७८मध्ये त्याने त्याच नावाची तालीम ॲमस्टरडॅममध्ये सुरू केली. ठोसे मुष्टियुद्धातले आणि शेवटी मांडीवर लाथ, ही डच पद्धत तिथून पसरली. १९९३ साली टोकियोत उतरलेल्या आठांत दोघे डच होते, आणि जाणकारांचा कौलही त्यांच्याच बाजूने होता.

आयोजक काझुयोशी इशी हे स्वतः सेइदोकैकान कराटेचे संस्थापक. त्यांनी प्रेक्षकांची नाडी बरोबर ओळखली होती. कोपर बंद, गळामिठी मारून वेळ काढणं बंद, फेऱ्या तीन-तीन मिनिटांच्या. वजनगट नाहीच. जिंकलेल्याने घाम पुसायचा, पाणी प्यायचं आणि त्याच रात्री पुन्हा उभं राहायचं. कुस्तीच्या मैदानात मोठ्या जोडीचा पैलवान एकदाच लढतो. इथे तिघांना हरवल्याशिवाय विजेतेपद नव्हतं.

वजनगट नसल्याचा फटका सगळ्यात आधी चांगपुएक किआत्सोंगरितला बसला. त्याच्या नावाचा अर्थ ‘पांढरा हत्ती’, पण वजनाने तो बाकीच्यांपेक्षा बराच हलका. १९८८मध्ये लास वेगासला याच चांगपुएकने अमेरिकेच्या रिक रूफसला मांडीवर लाथा मारमारून उभं राहणं अशक्य करून टाकलं होतं, तेही पहिल्याच फेरीत स्वतःचा जबडा मोडलेला असताना. टोकियोत मात्र त्याची गाठ पडली क्रोएशियाच्या ब्रान्को चिकातिचशी. (या आडनावातला पहिला ‘च’ चटणीतला, शेवटचा चंद्रातला. मराठी माणसाला ते इंग्रजांपेक्षा सोपं जावं.) चिकातिच ३८ वर्षांचा होता. या वयात बहुतेक जण तालमीत पोरांना शिकवत असतात. त्याने पहिल्या फेरीतच थाई मल्लाला आडवं केलं.

दुसरीकडे जपानच्या मासाआकी साताकेने टेक्सासच्या टॉड हेजला पहिल्या फेरीत गारद केलं. या हेजची गंमत अशी की पुढे तो बर्फावरच्या बॉबस्लेकडे वळला आणि २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक घेऊन आला. अमेरिकेचा मॉरिस स्मिथ जपानच्या तोशियुकी आतोकावावर गुणांनी सरस ठरला.

खरी लढत होती अर्नेस्तो होस्ट विरुद्ध पीटर आर्ट्स. दोघेही डच. २२ वर्षांच्या आर्ट्सने मॉरिस स्मिथला आधी हरवलेलं होतं, त्यामुळे चषक तोच उचलणार असं अनेकांनी धरलं होतं. होस्ट पाच वर्षांनी मोठा, शांत, हिशेबी. लढत पूर्ण फेऱ्या चालली आणि पंचांच्या बहुमताने होस्ट पुढे गेला. अंतिम फेरीत शोभावी अशी ही जोड ड्रॉच्या कृपेने पहिल्याच टप्प्यात लागली होती.

मांडीवरच्या लाथेची एक खोड आहे. नडगीचं हाड मांडीच्या बाहेरच्या बाजूला बसतं तेव्हा चरचरतं, पण अंग गरम असतं, माणूस सोसतो. खरा त्रास नंतर, आतल्या खोलीत बाकावर बसल्यावर. अंग निवतं, मांडी सुजते, लाकडासारखी होते, आणि पुढच्या लढतीची हाक येते तेव्हा जिन्याच्या दोन पायऱ्या चढणंही जड जातं. एका रात्रीच्या स्पर्धेत कोण किती लढला, यापेक्षा कोण काय सोसून आला हे मोजावं लागतं. माझ्या मते १९९३चा निकाल इथेच अर्धा लागला होता.

उपांत्य फेरीत चिकातिचने घरच्या प्रेक्षकांचा लाडका साताके तिसऱ्या फेरीत पाडला. होस्टनेही तिसऱ्याच फेरीत मॉरिस स्मिथला डोक्यावर लाथ घालून झोपवलं. ती लाथ रेकॉर्डिंगवर मी कितीदा मागे नेऊन पाहिली असेल! पण हिशेब मांडा: चिकातिचची पहिली लढत एका फेरीतच आटोपलेली, होस्ट मात्र आर्ट्ससारख्याशी शेवटच्या घंटेपर्यंत झुंजून आलेला.

अंतिम लढत पहिल्या फेरीपलीकडे गेली नाही. फेरी संपायला जेमतेम काही सेकंद उरले असताना चिकातिचचा उजवा ठोसा बसला आणि होस्ट कोसळला. त्या रात्री चिकातिचने तिन्ही प्रतिस्पर्ध्यांना नॉकआउट केलं, एकही निकाल पंचांवर सोडला नाही. त्याच्या देशात तेव्हा युद्ध पेटलेलं होतं.

पुढचा इतिहास हरलेल्यांचा आहे. पहिल्याच टप्प्यात बाहेर पडलेला आर्ट्स १९९४, १९९५ आणि १९९८चा विजेता. जमिनीवर पडलेल्या होस्टने १९९७, १९९९, २००० आणि २००२ अशी चार विजेतेपदं घेतली, ‘मिस्टर परफेक्ट’ हे नाव कमावलं. स्पर्धा टोकियो डोममध्ये गेली. मग इशी करचुकवेगिरीच्या प्रकरणात अडकले, पैसा आटला आणि के-वनची जुनी शान गेली.

चिकातिचने झाग्रेबमध्ये पोरं घडवली. त्यातला एक मिर्को फिलिपोविच, पोलिसातली नोकरी म्हणून ‘क्रो कॉप’ नावाने गाजलेला. मार्च २०१३मध्ये झाग्रेबलाच झालेल्या अंतिम फेरीत त्याने इस्माएल लोंडला गुणांवर हरवून के-वन ग्रां प्री जिंकली. वस्ताद तेव्हा हयात होते. २०२०च्या मार्चमध्ये, पासष्टाव्या वर्षी ते गेले. जिंकताना क्रो कॉपचंही वय ३८ वर्षं आणि सहा महिने होतं. तारखा लावून पाहिल्या तर वीस वर्षांपूर्वी जिंकताना वस्तादांचं वय शिष्याहून तीन आठवड्यांनी जास्त भरतं.