दोनाचा खेळ आणि माझी चूक

मागच्या भित्तिपत्रकात मी एक नियम लिहिला होता. तो चुकीचा निघाला. गुरुजी म्हणाले, "जिथं चुकलास तिथंच दुरुस्त कर." म्हणून हा लेख.

आधी मूळ संख्या म्हणजे काय ते सांगतो. १२ चिंचोके ४-४ च्या ३ ओळींत मांडता येतात. ७ चिंचोके कसेही मांडा, सारख्या ओळी होत नाहीत, एकच लांब ओळ होते. जिला १ ने आणि तिनेच भाग जातो ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११ या मूळ संख्या आहेत. १ ला मूळ संख्या धरत नाहीत.

माझा नियम असा होता. २ हा आकडा मूळ संख्येइतक्या वेळा घेऊन गुणायचा आणि शेवटी १ वजा करायचा. २ × २ = ४, त्यातून १ गेला, राहिले ३. तीन वेळा घेतला तर ७, पाच वेळा ३१, सात वेळा १२७. सगळ्या मूळ संख्या! मला लई आनंद झाला. अकरा वेळा घेतल्यावर २०४७ आले. १९ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले, भाग गेला नाही. मग कंटाळा आला आणि ही पण मूळ संख्या असे लिहून टाकले. सातवीतल्या ताईने पुढच्याच मूळ संख्येने, म्हणजे २३ ने भागले. २३ × ८९ = २०४७! मी एकच भागाकार आधी थांबलो होतो.

४६ × ४६ = २११६ होतात. म्हणून ४५ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागले की पुरे. दोन्ही भाजक त्याहून मोठे असले तर गुणाकार २०४७ च्या पुढे जातो.

आता खरी गंमत. २३ ला ११ ने भागा, बाकी १. ८९ ला भागा, तरी बाकी १. आपण २ अकरा वेळा घेतला होता ना, म्हणून ११ ने भागून बाकी १ उरते अशाच मूळ संख्यांचा भाग जाऊ शकतो. हे फ्रान्सच्या फर्माने १६४० साली ओळखले होते. मला ठाऊक असते तर पहिल्याच भागाकारात २३ सापडले असते.

रशियात सेंट पीटर्सबर्गला ऑयलर नावाचे गणिती होते. त्यांनी २ एकतीस वेळा घेतला. १ वजा केल्यावर येतात २,१४,७४,८३,६४७. ही मूळ संख्या आहे हे त्यांनी १७७२ साली दाखवले. साध्या रीतीने चार हजारांहून जास्त भागाकार करावे लागले असते. फर्माची युक्ती आणि आणखी एक युक्ती लावली की शंभराहून कमी उरतात. तेव्हा ऑयलरना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हते. मला तर दिसत असून कंटाळा आला.

२०२४ साली संगणकाने याच जातीची एक मूळ संख्या सापडली. तिच्यात २ हा १३,६२,७९,८४१ वेळा घेतला आहे. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. सेकंदाला एक अंक लिहिला आणि झोपलो नाही, तरी सव्वा वर्षाहून जास्त लागेल. आपली भिंत पुरणार नाही.

मी आता २ तेरा वेळा घेतला. ८१९१ आले. ९० पर्यंतच्या मूळ संख्यांत १३ ने भागून बाकी १ उरते अशा दोनच आहेत, ५३ आणि ७९. ५३ ने भागले, बाकी २९. ७९ ने भागले, बाकी ५४. म्हणजे ८१९१ मूळ आहे. या वेळी ताईकडून तपासून घेतले आहे.