दोन अँपिअरचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात आमचा इन्व्हर्टर महिन्याभरात दोनदा जळाला. दुसऱ्या खेपेस दुरुस्ती करणारा मुलगा खालमानेने म्हणाला, "काका, मी तर आधीपेक्षा मोठे मॉसफेट टाकले होते." त्या मॉसफेटचे पैसे त्याने घेतले नाहीत. ते त्याच्या खिशातून गेले, हे मला लागले.

माझा विजेशी संबंध बिल भरण्यापुरता. पण बँकेत जन्म काढलेल्या माणसाला आकड्यांचा तक्ता दिसला की राहवत नाही. त्या मुलाकडचा चिपचा माहितीपत्रक-कागद घेऊन आम्ही दोघे बसलो.

मॉसफेट म्हणजे विजेचा नळ. त्याच्या तोटीला 'गेट' म्हणतात आणि ती फिरवणारी चिप म्हणजे गेट ड्रायव्हर. गेटमधून प्रवाह सतत वाहत नाही. घागरीसारखे ते भरावे आणि रिकामे करावे लागते. घागर शंभर नॅनोकूलोंबची असेल, तर एक अँपिअरने भरायला शंभर नॅनोसेकंद लागतात. मोठ्या मॉसफेटची घागर तिप्पट, म्हणजे वेळही तिप्पट. नळ धड उघडा नाही, धड बंद नाही, अशा त्या मधल्या वेळात मॉसफेटवर दाबही असतो आणि प्रवाहही. तेव्हा तो तापतो. सेकंदाला वीस हजार वेळा हे होते!

"पण चिपवर दोन अँपिअर लिहिलंय," मुलगा म्हणाला. आयआर २११० या प्रसिद्ध चिपच्या तक्त्यातही तोच आकडा आहे. शेजारी अट अशी, की दहा मायक्रोसेकंदांपुरताच. रोखपाल एका ग्राहकाला दोन लाख मोजून देतो, म्हणून दिवसभर प्रत्येकाला देईल असे थोडेच! एरवी शंभर नॅनोकूलोंब वीस हजार वेळा भरायला सरासरी फक्त दोन मिलिअँपिअर पुरतात. खरी ओढाताण त्या क्षणाची.

शिवाय वाटेत दहा ओहमचा रेझिस्टर. बारा व्होल्टला तो जास्तीत जास्त १.२ अँपिअर जाऊ देणार. "मग दोन ओहमचा टाकतो," मुलगा उत्साहाने म्हणाला. गणिताने सहा अँपिअर येतात. पण चिपच्या तिजोरीत तेवढे नाहीतच. मध्ये ट्रान्झिस्टरची जोडी बसवून प्रवाह वाढवता येतो, पण त्या पट्टीवर जागा नव्हती.

शेवटी त्याने मूळ मापाचेच मॉसफेट बसवले. मागचे पैसे मी पाकिटात घालून दिले. ते घ्यायला त्याने बराच वेळ लावला.