बिल एकट्या ऑपरेशनचं नसतं

‘मेंदूच्या ऑपरेशनला सर्जननं दहा लाख घेतले’ हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की खोडून काढायचाही कंटाळा यावा. ॲन्युरिझम, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा, फुटला की बिल बरंचसं वाढतं ते आयसीयूत. फुग्याच्या तोंडाशी क्लिप लावणं किंवा आत कॉइल भरणं काही तासांत उरकतं. सांडलेलं रक्त मात्र मेंदूभोवती राहतं. त्यामुळे साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत इतर रक्तवाहिन्या आकसण्याची भीती असते. म्हणून रुग्ण नजरेखाली ठेवतात, निमोडिपीन २१ दिवस देतात, स्कॅन पुन्हा करतात आणि पाणी साठलं तर नळी घालतात. चालत आलेल्याचं आणि व्हेंटिलेटरवर आणलेल्याचं ऑपरेशन एकच असेल, बिलं दोन टोकांची. ‘अमक्याचं चार लाखांत झालं’ या तुलनेला मग काय अर्थ?

यावर हमखास प्रश्न येतो : म्हणजे हॉस्पिटलं लुटत नाहीत? काही लुटतात. हृदयाच्या स्टेंटची किंमत केंद्रानं २०१७ मध्ये बांधून दिली. तो आदेश मेंदूच्या कॉइलला लागू नाही, आणि एका फुग्यात अनेक कॉइल लागू शकतात. तेव्हा किती वापरल्या, कोणत्या कंपनीच्या, हे बिलात वेगवेगळं मागावंच. पण स्वस्त एस्टिमेटसाठी फुटलेला फुगा घेऊन चार हॉस्पिटलं हिंडणं हा शुद्ध आत्मघात आहे. पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका पहिल्या २४ तासांतच सर्वाधिक असतो, म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना शक्यतो तेवढ्या वेळात फुगा बंद करा म्हणतात. डिपॉझिटअभावी तातडीचे उपचार थांबवता येत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य ठरवलं आहे.

बाकीचे गैरसमज किरकोळ. कवटी उघडत नाहीत म्हणून कॉइलिंग स्वस्त? आपल्याकडे बहुधा उलटं, कारण पैसा साहित्यात जातो. महाग तेच चांगलं? २००२ च्या ‘आयसॅट’ चाचणीत कॉइलिंग वर्षभरानंतर सरस ठरलं, पण दोन्ही उपाय शक्य असलेल्या फुग्यांपुरतं. निवड जागेवर आणि आकारावर ठरते. विमा आहे म्हणजे सगळं मिळेल? खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली तर डॉक्टरांच्या फीलाही कात्री लागू शकते. गरिबाला वाटच नाही? महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. आजार त्यात बसतो का, हे आरोग्यमित्राला विचारावं. धर्मादाय रुग्णालयांत तर १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि तेवढ्याच दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे.