आतड्याचा कर्करोग : रक्ततपासणी काय सांगते
मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ‘सीईए’ या प्रथिनाची रक्ततपासणी सर्वाधिक वापरली जाते. १९६५ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी ते शोधले. त्याचे प्रमाण सहसा दर मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमच्या आत असते. धूम्रपानाने किंवा यकृताच्या विकारानेही ते वाढते, तर काहींमध्ये गाठ असूनही वाढत नाही. म्हणून निदानासाठी त्यावर विसंबणे चूकच.

या तपासणीचे खरे मोल निदानानंतर. शस्त्रक्रियेपूर्वी पातळी चढलेली असेल, तर आजार उलटण्याचा धोका अधिक मानतात. गाठ पूर्ण निघाल्यावर काही आठवड्यांत ती उतरायला हवी. न उतरल्यास कुठेतरी रोग उरल्याची शंका येते. पुढे ती पुन्हा चढू लागली, तर यकृतात किंवा फुप्फुसात पसरलेला रोग कधी कधी लक्षणांआधीच सापडतो. रुग्णाच्या दृष्टीने ही मोठीच संधी आहे.

आता गाठीतून रक्तात उतरलेले डीएनएचे तुकडेही मोजता येतात. ऑस्ट्रेलियातील ‘डायनॅमिक’ अभ्यासात (२०२२) दुसऱ्या टप्प्यातील रुग्णांना केमोथेरपी द्यायची की नाही, हे त्यावरून ठरवले गेले. नेहमीच्या पद्धतीत २८ टक्के रुग्णांना केमो द्यावी लागली, या पद्धतीत १५ टक्क्यांनाच. दोन वर्षांनंतर आजार न उलटलेल्यांचे प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखेच होते.