किती उचलले आणि कशाने?

आपल्याकडे बिनबाह्यांच्या बनियनला 'सँडो' म्हणतात. हे नाव आले युजेन सँडो या बलदंड माणसावरून. १९०४-०५मध्ये त्याने हिंदुस्थानचा दौराही केला होता. युरोपात तो काळच ताकदीच्या खेळांचा. नाट्यगृहांत, सर्कशीत हे पैलवान वजने उचलत आणि 'कुणीही उचलून दाखवा' म्हणून पैज लावत. त्यांचे आकडे ऐकले की हमखास प्रश्न येतो, 'आजच्या ऑलिंपिकवीरांपेक्षा ते बलवान होते का?' मला वाटते, त्याआधी वजन कसे आणि कशाने उचलले, हे विचारायला हवे.

पहिली गोष्ट तराजूची. तेव्हाच्या बारबेलच्या टोकांना पोकळ गोळे असत. त्यांत वाळू किंवा शिशाच्या गोळ्या भरत. आत किती भरले आहे, हे बाहेरून कळायचे नाही. म्हणून तराजूवर न चढलेल्या वजनाची फुशारकी बाजूला ठेवावी.

दुसरी गोष्ट रीतीची. लाइपझिगच्या आर्थर सॅक्सनने १९०५मध्ये ३७० पौंड, म्हणजे सुमारे १६८ किलो वजन एका हाताने डोक्यावर धरले. त्याचे स्वतःचे वजन शंभर किलोंच्या आत! ही रीत 'बेंट प्रेस'ची. वजन खांद्याशी आणायचे आणि ते वर ढकलण्याऐवजी आपणच बाजूला वाकत त्याच्याखाली शिरायचे. हात सरळ झाला, की उभे राहायचे. यात दंडाइतकीच पाठ, कंबर, पाय आणि तोल यांची परीक्षा असते.

तिसरी गोष्ट पकडीची. इंग्लंडच्या थॉमस इंच याचे डंबेल अवघे ७८ किलोंचे, पण त्याची मूठ सुमारे सहा सेंटिमीटर जाड. बोटे तिला पुरा वेढा घालू शकत नाहीत. भल्याभल्यांना ते एका हाताने उचलता आले नाही.

फ्रान्सच्या शार्ल रिगुलोचे उदाहरण तर बोलके आहे. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकचा हा सुवर्णविजेता. पुढे व्यावसायिक झाल्यावर १९२९मध्ये त्याने १८२.५ किलो डोक्यावर नेले. दांडा लांब आणि लवचीक होता. गुडघे वाकवून झटका दिला, की असा दांडा उसळतो आणि ती उसळी साधली तर मदत होते. पण १९३०मध्ये त्याचे अधिक नाव झाले ते १६६ किलोंसाठी! ती होती अपोलाँ या जुन्या पैलवानाची रेल्वेची चाके. आस जवळजवळ पाच सेंटिमीटर जाड आणि चाके आसाला घट्ट बसवलेली. खांद्यावर घेताना सगळा भार मनगटे पिरगाळतो. रिगुलोनंतर ती डोक्यावर नेणारा अमेरिकेचा ऑलिंपिकविजेता जॉन डेव्हिस, तोही १९४९मध्ये.

१९२४च्या ऑलिंपिकमध्ये एका हाताचे दोन प्रकार होते. १९२८मध्ये ते गेले. पुढे दांडाही ठरावीक मापाचा झाला आणि टोकांची वजने फिरती झाली. त्यामुळे टोकियोचा विक्रम आणि पॅरिसचा विक्रम शेजारी मांडता येऊ लागले. हा मोठाच लाभ. मात्र बोटांची पकड, एका हाताचे कसब ही बळाची अंगे त्या मोजमापाबाहेर राहिली. सॅक्सनला आजच्या तक्त्यात बसवू नये, तसेच आजच्या विजेत्याला इंचच्या डंबेलवरून जोखू नये.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)